गहू सोडला, भूक गेली. मग ती परत का आली?

पत्र: मी ३८ वर्षांची, नाशिकला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सकाळची शाळा. तीन महिन्यांपूर्वी जिमचे सर म्हणाले, "मॅडम, गहू बंद करा. ग्लुटेनमुळेच सारखी भूक लागते, गव्हात नशा असते." केला बंद. पहिले तीन आठवडे खरंच भूक लागेना, साडेतीन किलो उतरले. आता मात्र उलटंच झालंय. संध्याकाळचे पाच वाजले की मी स्वयंपाकघरातले डबे उघडत सुटते. दोन किलो परत आले. पोट फुगायचं तेवढं कमी झालंय. आधी शाळेच्या डब्यात तीन पोळ्या आणि उसळ न्यायचे, आता पोहे नाहीतर साबुदाण्याची खिचडी नेते. दुपारी वरण-भात, चहाबरोबर ग्लुटेन-फ्री बिस्किटं. सासूबाई म्हणतात, खपली गहू खा, त्यात ग्लुटेन नसतं. एका घरात दोन प्रकारचा स्वयंपाक नको म्हणून नऊ वर्षांच्या मुलीचीही पोळी बंद केली आहे. मला एवढंच सांगा, ग्लुटेन सोडल्यानं भूक कमी होते की वाढते?
ता. क. माझ्या धाकट्या बहिणीला गेल्या वर्षी सिलिॲक निघाला, पण मला जुलाब वगैरे काही नाही. हिमोग्लोबिन तेवढं ९.२ आहे, गोळ्या घेऊनही चढत नाही. आणि हल्ली तांदूळ निवडताना कच्चेच तांदूळ चघळायची सवय लागलीय. चालेल ना?

उत्तर:

ताई,

उत्तराची सुरुवात तुमच्या ताजा कलमापासून करते. बहिणीचा सिलिॲक, गोळ्यांना न जुमानणारं हिमोग्लोबिन आणि कच्चे तांदूळ, या तीन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात. मला तुमच्या पत्रातल्या त्याच सगळ्यात मोठ्या वाटल्या. भुकेबद्दल सांगणारच आहे, सविस्तर सांगणार आहे. पण तुमच्या बाबतीत काहीही ठामपणे म्हणण्याआधी एक रक्ततपासणी व्हायला हवी, आणि गहू सोडल्यामुळे नेमकी तीच जरा अवघड झाली आहे.

सिलिॲक म्हणजे गहू न पचणं किंवा गव्हाची ॲलर्जी असं बरेच जण समजतात. ते तसं नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातला कस तीच टिपून घेते. सिलिॲकमध्ये ही लव झिजून सपाट होते. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि या आजाराचा पहिला मार बहुतेक वेळा तिथेच बसतो. म्हणून कित्येक मोठ्या माणसांना जुलाब कधी होतच नाहीत. रक्त कमी, थकवा, केस गळणं एवढंच दिसतं. गोळी पोटात जाते, पण रक्तापर्यंत पोचत नाही. तुमचं ९.२ वर अडकलेलं हिमोग्लोबिन मला म्हणूनच खटकतंय. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला पंडुरोग म्हणतात, आणि गोळ्या नियमित घेऊनही तो हटत नसेल तर तो का हटत नाही हे शोधावं लागतं. (पाळीत रक्तस्राव फार होतो का, हे डॉक्टर विचारतीलच. आणि लोहाची गोळी तुम्ही चहाबरोबर घेत नाही ना? चहानं लोह अडतं.)

कच्च्या तांदळाचं म्हणाल तर ते चालेल, असं मी म्हणणार नाही. शरीरातलं लोह आटलं की काहींना बर्फ चावावासा वाटतो, काहींना माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गात खडू खाणारं एखादं मूल तुम्ही पाहिलंच असेल. लोहाची भर पडली की ही ओढ आपोआप जाते. म्हणजे तुम्ही ज्या भुकेबद्दल विचारताय, तिचा एक तुकडा तर या तांदळातच आहे.

सर्वसाधारण लोकांत सिलिॲक शंभरात एकाच्या आसपास सापडतो. सख्खी भावंडं, आईवडील, मुलं यांच्यात मात्र हे प्रमाण दहात एकापर्यंत जातं. बहिणीचं निदान झालं त्याच आठवड्यात तुमची तपासणी व्हायला हवी होती. तेव्हा राहिली, तर आता करा.

टीटीजी-आयजीए नावाची ती तपासणी आहे. सोबत एकूण आयजीएही मोजायला सांगा, कारण काहींच्या शरीरात आयजीए ही अँटीबॉडी (संरक्षणयंत्रणा बनवते ते प्रथिन) मुळातच कमी तयार होते आणि मग पहिली तपासणी फसवते. अडचण अशी की रक्तातल्या या अँटीबॉडी गहू खाल्ल्यावर बनतात आणि गहू थांबला की हळूहळू उतरतात. तुम्हाला तीन महिनेच झालेत, आणि पूर्ण उतरायला अनेकांना त्याहून बराच जास्त काळ लागतो, म्हणून आत्ता लगेच केलेली तपासणी वाया जाणार नाही. ती पॉझिटिव्ह आली तर पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासतील. निगेटिव्ह आली तर मात्र 'सुटले' म्हणू नका. अशा वेळी एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी कामाला येते. ती आहारानं बदलत नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळपास निकालात निघतो. असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण ती निरोगी माणसांतही कितीतरी जणांत असतात. मग डॉक्टर तुम्हाला सहा ते आठ आठवडे रोज दोन वेळा गहू खायला सांगतील आणि पुन्हा तपासतील. हे तुमचं तुम्ही सुरू करू नका. एखाद्याला त्या काळात फार त्रास होतो.

या तपासणीवर मी इतकी अडून का बसते, तेही सांगते. आहारतज्ज्ञ म्हणून नवीन होते तेव्हा सतत पोट फुगणारी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. मी त्यांचा गहू बंद केला. महिन्याभरात त्यांना बरं वाटलं, मलाही आनंद झाला. दोन वर्षांनी त्या हाडं ठिसूळ झाल्याचं निदान घेऊन परत आल्या. सिलिॲकची शंका होती, पण तपासायचं तर पुन्हा गहू खायला हवा, आणि एका पोळीनं त्यांना दोन दिवस उलट्या व्हायच्या. त्यांचं निदान पुढे फार रखडलं. आधी एक रक्ततपासणी सांगितली असती तर हे टळलं असतं. ती चूक माझी होती. तेव्हापासून तपासणीशिवाय मी कुणाचाही गहू बंद केलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते.

सिलिॲक असेल तर ग्लुटेनचा भुकेशी थेट संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी असतो. काहींची भूक मरते. पोट फुगलेलं, मळमळ, ताटावर बसावंसंच वाटत नाही. लहान मुलांत हे फार दिसतं, चिडचिडं, किरकिरं, जेवायला तयार नसलेलं मूल. काही जण उलट वखवखल्यासारखे खातात आणि तरी अंगाला लागत नाही, कारण खाल्लेलं शोषलंच जात नाही. गहू थांबवला आणि आतडं भरून आलं की भूक ताळ्यावर येते. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच अशा मुलांच्या बाबतीत गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. अवतीभवती सगळे भुकेले असताना त्यांच्याकडची ही खंगलेली मुलं मात्र सुधारत होती. युद्ध संपलं, पाव परत आला आणि मुलांचं दुखणंही परत आलं. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. तोवर हा आजार नेमका कशानं होतो हे वैद्यकाला धड ठाऊक नव्हतं.

म्हणजे तुम्हाला सिलिॲक निघालाच, तर गहू सोडल्यावर वाढलेली भूक हे आतडं सावरत असल्याचंही लक्षण असू शकतं. पण तुमचा डबा वाचल्यावर मला दुसरं, साधं कारण जास्त दिसतंय. आणि ते ज्यांना सिलिॲक नाही अशा सगळ्यांनाच लागू आहे.

घरी एक करून बघा. कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळा, अर्धा तास मुरू द्या आणि मग पातेल्यातल्या पाण्यात चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते ओतून नवं घ्या, पुन्हा चोळा. चार-पाच पाण्यांनंतर हातात करड्या रंगाचा, ओढला तर ताणला जाणारा, रबरासारखा चिवट गोळा उरेल. हा ग्लुटेन. गव्हातलं बहुतेक प्रथिन हेच. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारी या शास्त्रज्ञांनी पिठातून तो असा वेगळा काढल्याचं १७४५ मध्ये छापून आलं. पोळी लाटताना फाटत नाही, घडीला पदर सुटतात, ते याच्या जोरावर. ज्वारीत तो नाही, म्हणून भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते, आणि पीठ जुनं होऊन विरी गेली की ती थापतानाच तुटते.

आता त्या पांढऱ्या पाण्याचा विचार करा. ते खाली बसलं की जे साका धरतं तोच आपला गव्हाचा चीक. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, पिळून काढतात तो. कोंडा आणि बराचसा ग्लुटेन चोथ्यात जातो, चिकात उरतो मुख्यतः स्टार्च. (बराचसा जातो म्हटलं, सगळा नव्हे. तुमच्या बहिणीला चीक आणि कुरडई दोन्ही वर्ज्य, हे तिला जरूर सांगा.) आमच्याकडे चैत्रात कुरडया घालायच्या दिवशी आम्ही मुलं पातेल्याभोवती बसून गरम चीक दूध-साखर घालून वाटीच्या वाटी खायचो, आणि तासाभरात पुन्हा आईच्या मागे लागायचो, खायला काय आहे म्हणून. गव्हातला ग्लुटेन आणि कोंडा काढला की जे उरतं ते असं असतं, चविष्ट, पण पोटात न ठरणारं. ग्लुटेननं भूक भडकत असती तर चीक खाऊन आम्ही संध्याकाळपर्यंत गप्प बसायला हवं होतं.

सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी १९९५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३८ पदार्थ, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाढा, आणि पुढचे दोन तास खाणाऱ्यांना थोड्या थोड्या वेळानं विचारायचं, पोट किती भरलेलं वाटतंय. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. गव्हाच्याच भुसभुशीत, लोणी घातलेल्या क्रॉसाँला ४७ मिळाले. अख्ख्या गव्हाच्या पावाला १५७, अख्ख्या गव्हाच्या पास्त्याला १८८. ग्लुटेन तिन्हींत आहे आणि पोट भरण्यात चौपट फरक. सगळ्यात वर होता उकडलेला बटाटा, ३२३. पोट भरतं ते पाण्यानं, चोथ्यानं, प्रथिनानं, चावायला लागणाऱ्या वेळानं. तेल आणि मैदा एकत्र आले की ते भरत नाही.

आता तुमचे पहिले तीन आठवडे आठवा. गहू बंद म्हणताना तुम्ही नक्की काय काय बंद केलंत? पोळी तर केलीतच, पण शिक्षकखोलीतल्या चहाबरोबरची खारी, टोस्ट, वाढदिवसाचा केक, येता-जाता वडापाव, मुलीच्या ताटलीतले उरलेले नूडल्स, हे सगळं त्याच दिवशी थांबलं असणार. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. हवं तितकं खा म्हणून सांगितलं. कारखान्याचं खाणं समोर असताना माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. २०१९ चा हा अभ्यास. तुमची भूक त्या तीन आठवड्यांत शांत झाली ती खारी-टोस्ट गेल्यामुळे, असं मला वाटतं. साडेतीन किलोंतही सगळी चरबी नव्हती. पिष्टमय खाणं एकदम कमी झालं की शरीर साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही जातं. पहिल्या आठवड्यांत काटा झरझर उतरतो तो पुष्कळसा या पाण्यामुळे.

मग हळूहळू रिकाम्या जागा भरू लागल्या. तीन पोळ्या म्हणजे साधारण ९० ग्रॅम कणीक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केलेत, त्याप्रमाणे त्यात नऊ-साडेनऊ ग्रॅम प्रथिन आणि दहाएक ग्रॅम चोथा. त्या जागी आलेले बशीभर पोहे कोरडे मोजले तर ६० ग्रॅम. प्रथिन साडेचार ग्रॅम, चोथा दोन. साबुदाण्यात तर प्रथिन नाहीच म्हणा, खिचडी तरते ती दाण्याच्या कुटावर. आणि पोळीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जी तुमच्या लक्षात आलेली नाही. उसळ गेली. पोळी होती तोवर तिला तोंडी लावायला मटकी होती, मूग होते. पोह्याला उसळ लागत नाही, खिचडीला लागत नाही. मूठभर कोरड्या मटकीत पाच-सहा ग्रॅम प्रथिन असतं, तेही बंद झालं. सकाळी दहाच्या सुट्टीत एवढं हलकं खाऊन, दीड वाजता वरण कमी आणि भात जास्त जेवून, संध्याकाळी पाचला तुम्हाला भूक लागली नाही तरच नवल. त्यावर तुम्ही ग्लुटेन-फ्री बिस्किट खाता. त्याची पाठ वाचा. तांदळाचं पीठ, मक्याचं किंवा टॅपिओकाचं स्टार्च, साखर, तेल. मैद्याच्या बिस्किटाहून ते भुकेला काही जास्त आवर घालत नाही.

जिमच्या सरांच्या 'नशे'चं मूळही सांगते, कारण ते त्यांनी मनचं बनवलेलं नाही. ग्लुटेन पचताना त्याचे काही तुकडे असे निघतात की ते प्रयोगशाळेत अफूसारख्या द्रव्यांच्या जागी जाऊन बसतात. १९७९ मध्येच हे प्रसिद्ध झालं. पण तसे तुकडे दुधातल्या प्रथिनातून निघतात, पालकातूनही निघतात. माणसानं पोळी खाल्ली आणि त्या तुकड्यांमुळे त्याची भूक चाळवली, असं कुणी दाखवून दिलेलं नाही. आणि आपल्या घरचंच पाहा ना. रात्री अकराला उठून कुणी कोरडी पोळी शोधत नाही. शोधतात ती शंकरपाळी, बिस्किटं, खारी. ती ओढ तेल, साखर आणि मीठ एकत्र आल्याची असते. तीच शंकरपाळी तांदळाच्या पिठाची केली तरी डबा तितक्याच लवकर रिकामा होईल.

पोट फुगणं कमी झालं, हे मात्र तुमचं खरं आहे आणि ते मी मानते. पण त्याचंही श्रेय ग्लुटेनलाच द्यावं असं नाही. गव्हात फ्रुक्टन नावाचं एक कर्बोदक असतं, ते लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात आंबतं आणि वायू होतो. नॉर्वेत ऑस्लोला ५९ जणांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये आला. हे सगळे सिलिॲक नसलेले, पण 'आम्हाला ग्लुटेन सोसत नाही' म्हणणारे लोक होते. कशात काय आहे हे न सांगता त्यांना कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टन, कधी दोन्ही नसलेलं खाणं दिलं. त्रास जास्त झाला तो फ्रुक्टनच्या आठवड्यात. फ्रुक्टन कांद्यात आणि लसणातही भरपूर असतं. तेव्हा तपासणी निर्दोष आली आणि तरी पोट फुगत राहिलं, तर मी तुमच्या पोळीआधी फोडणीतल्या कांद्याकडे बघेन.

सासूबाईंना आदरपूर्वक सांगा, खपली गव्हात ग्लुटेन असतो. त्याची ठेवण वेगळी आहे, खपलीची खीर किंवा पोळी काहींना पचायला हलकी वाटते, हे सगळं असेल. पण तो गहूच. रवा, दलिया, शेवया, मैदा यांच्याबरोबर खपलीही त्याच रांगेत. सातूचं पीठ आपल्याकडे गहू घालूनच करतात. थालिपिठाच्या भाजणीतही पुष्कळ घरी गहू असतो.

आता काय खायचं ते. रिपोर्ट येईपर्यंत गहू बंद आहे तो तसाच राहू द्या, पण डबा बदला. दोन ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकऱ्यांत तुमच्या तीन पोळ्यांइतकंच, किंबहुना थोडं जास्तच प्रथिन आणि चोथा मिळतो, शिवाय घडीच्या पोळीतलं तेल नाही, आणि चावायला वेळ लागतो. डब्यात भाकरी वातड होते ही तुमची अडचण मला माहीत आहे. उकड काढून केलेली भाकरी जास्त वेळ मऊ राहते, मलमलच्या फडक्यात गुंडाळून द्या. तेही जमत नसेल तर बिनगव्हाच्या भाजणीचं थालिपीठ, मुगाचं धिरडं, आंबोळी. पण यांतलं जे काही न्याल, त्याच्याबरोबर उसळ परत आणा. मटकी, चवळी, हरभरे, कुळथाचं पिठलं, काहीही. पोहेच करायचे झाले तर त्यात मोड आलेली मटकी आणि मूठभर शेंगदाणे घाला, वर एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. दुपारच्या ताटात भात आहे तेवढाच ठेवा, वरण दुप्पट करा. चार वाजता, म्हणजे भूक कडाडण्याच्या एक तास आधी, मूठभर फुटाणे किंवा दाणे आणि पेलाभर ताक. चहा त्यानंतर. बिस्किटाचा डबा घरात आणूच नका. दहा दिवस हे करा आणि संध्याकाळी पाचला काय होतं ते एका कागदावर लिहून ठेवा. किती खाल्लं ते नको, भूक केव्हा लागली आणि कशाची लागली तेवढंच.

सिलिॲक निघालाच, तर पथ्य वेगळ्या पातळीवर जाईल. मग ज्वारीसुद्धा घरी निवडून, वेगळ्या घरघंटीवर दळावी लागेल, कारण गिरणीत गव्हावर टाकलेलं दळण म्हणजे त्यात गहू आलाच. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा कणीक किंवा मैदा असतो, तो बदलावा लागेल. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, आणि तेव्हा ते वाचूनच घ्यावं लागेल. बहिणीकडून तुम्हाला यातलं बरंच शिकता येईल. पण ते तपासणीनंतर. 'थोडासा चालतो' असं सिलिॲकमध्ये नसतं, म्हणून उगाच अंदाजानं अर्धवट पथ्य करण्यात अर्थ नाही.

आणि मुलगी. तिची पोळी कृपा करून उद्यापासून सुरू करा. तुम्हाला सिलिॲक निघाला तर तिचीही तपासणी करावी लागेल, आणि तेव्हा ती गहू खात असायला हवी. आज ती ठीक आहे, वाढतेय, तर तिचं ताट अर्धं करायचं कारण नाही. एका घरात दोन स्वयंपाक नकोत, हे मला समजतं. भाजी-उसळ सगळ्यांना एकच करा, फक्त तिच्यापुरत्या दोन पोळ्या. पोळपाट, लाटणं आणि तवा मात्र तिचे वेगळे ठेवा. तुमचा रिपोर्ट तसा आला तर ते वेगळे असलेले बरे.

या आठवड्यात जवळच्या लॅबमध्ये टीटीजी-आयजीए, एकूण आयजीए, आणि त्याच सुईत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ हेही द्या. बहिणीचा निदानाचा कागद सोबत घेऊन पोटविकारतज्ज्ञांना भेटा, आणि गहू किती तारखेपासून बंद आहे ते त्यांना आठवणीनं सांगा. रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा, पुढचं ताट त्यावर ठरवू.